दिवस घालायचे, पण आजीच्या कुंकवाला हात लावायचा नाही

पत्र

ताई, माझे आजोबा नौदलात होते. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा ते तिच्यावर होते. देह मिळाला नाही. आजी तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि बाबा आठ महिन्यांचे. आजीने दिवस घालू दिले नाहीत. "कोणी बघितलं?" एवढंच म्हणाली. ग्रामदेवतेला कौल लावला, तो उजवा, म्हणजे शुभ आला. तेव्हापासून तिचं तेच. आजही कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. पण गावात हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नाही. आमच्याच घरी चैत्रात हळदीकुंकू असतं तेव्हा ती मागच्या पडवीत बसून आंब्याची डाळ कालवते, पुढे येत नाही. आजोबांच्या शेवटच्या मनीऑर्डरचं कूपन तिच्या ट्रंकेत आहे. त्यावर दोनच ओळी आहेत: "पैसे पाठवले. बाळाला थंडीत बाहेर काढू नको."

२०२२ साली सियाचिनमध्ये अडतीस वर्षांनी एका जवानाचा देह सापडल्याची बातमी तिने टीव्हीवर पाहिली आणि पुन्हा सगळं सुरू झालं. कधी म्हणते, "यांना पण आणतील." कधी म्हणते, "पाकिस्तानच्या तुरुंगात असतील." आता भावाचं लग्न जमत नाही. भटजींनी पितृदोष सांगितलाय, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा म्हणाले. बाबा तयार आहेत. चुलतकाका आणि आत्या म्हणतात की आधी आजीने मान्य करून कुंकू उतरवायला हवं, नाहीतर विधी लागू पडणार नाही. ती माझं ऐकते म्हणून समजवायचं काम माझ्याकडे आलंय. कसं समजवू?

— एक नात, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

तुझ्याकडे जे काम आलंय ते तू करू नकोस. काका-आत्यांना सांग, "मी आजीशी बोलेन, पण तुम्ही सांगताय ते बोलणार नाही." पंचाहत्तरीच्या बाईला लाडक्या नातीच्या तोंडून कुंकू उतरवायला लावायचं, ही युक्ती मला मुळीच आवडलेली नाही.

आधी भावाच्या लग्नाचं उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. कोकणात आज किती घरांत पस्तिशीचे मुलगे लग्नाचे बसलेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्या सगळ्यांचे आजोबा युद्धात गेले नव्हते. मुलींना मुंबई-पुण्यात बिऱ्हाड हवं आहे, बरा पगार हवा आहे, सासरी आल्यावर आपली नोकरी सोडायची नाही. यात त्यांचं काही चुकत नाही. स्थळं का फिरतात ते तिथे शोधा, समुद्राच्या तळाशी नको. भटजींवर माझा राग नाही. पण ज्या माणसाने शेवटच्या निरोपात बाळाला थंडीत बाहेर काढू नको म्हणून बजावलं, तो नातवाच्या लग्नात आडवा येईल हे मला पटत नाही. तुलाही पटत नाही, म्हणून तर तू लिहिलंस.

आता आजी. तिला खरं ठाऊक नाही, असं धरून तुम्ही सगळे बोलताय. मला तसं वाटत नाही. निवृत्तिवेतन तिच्या नावावर येतं, हो ना? त्या कागदांवर ती दिवंगत नौसैनिकाची पत्नी आहे, आणि खाली सही तिची आहे. दर वर्षी ती स्वतः हयातीचा दाखला देते. यांच्या पश्चात आपण हयात आहोत असं तिने सरकारला पन्नासहून जास्त वेळा लिहून दिलंय आणि घरी येऊन कुंकू लावलंय. तिला दोन्ही ठाऊक आहे. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या बायकांबरोबर पॉलिन बॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काम केलं. त्यांचं म्हणणं असं की देह न मिळालेल्या घरातली माणसं "गेले" आणि "येतील" हे दोन्ही एकाच वेळी मनात बाळगतात. हा आजार नाही. त्यांना एका बाजूला ढकलायला गेलं की ती दुसरी बाजू आणखी घट्ट धरतात. तुमच्या घरात पन्नास वर्षं हीच ढकलाढकल चाललेली दिसते.

पण आजीचा प्रश्नही बघ ना. "कोणी बघितलं?" हा हट्ट आहे असं सगळ्यांनी धरून घेतलं. मला तो सरळ प्रश्न वाटतो. १९७१ साली गावात तार आली, कोणीतरी वाचून दाखवली, रडारड झाली. त्या रात्री नक्की काय घडलं ते तिच्याजवळ बसून कोणी सांगितलं का? माझा अंदाज, नाही. तेव्हा ते आधी तू सांग. पुढचं लिहिते ते शांतपणे वाच आणि मग तुझ्या शब्दांत तिला सांग. ती मध्ये काही विचारेल, तिथे थांब.

युद्ध ३ डिसेंबरला पेटलं. ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ८ तारखेच्या रात्री पुन्हा केला. दरम्यान सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी फिरत असल्याचा सुगावा लागला होता. तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट निघाल्या. तुझे आजोबा पाणबुडीच्या शिकारीवर गेले होते, आणि पाणबुडीनेच त्यांना आधी गाठलं. तिचं नाव हंगोर. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, हंगोरने सोडलेला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, खुकरीला लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला, जमेल तेवढ्यांना बाहेर काढलं, स्वतःचं जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिलं आणि आपण जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जे खालच्या मजल्यांवर होते त्यांना शिडी चढून वर यायलाही वेळ मिळाला नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जे पाण्यात तरंगत राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी आयएनएस कछालने उचललं.

म्हणजे "कोणी बघितलं?" याला उत्तर आहे. बघणारे होते. जे वाचले त्यांनी जहाज बुडताना बघितलं. त्यांतल्या काहींनी पुढे वर्तमानपत्रांतून आणि मुलाखतींतून ती रात्र सांगितली आहे. आजोबांना शेवटच्या क्षणी कोणी पाहिलं का, हे मात्र त्यातून कळेलच असं नाही. आजीला खोटा दिलासा देऊ नकोस. "त्यांना काही कळलंच नसेल" वगैरे तर अजिबात नको. तिने विचारलं तर "ते मला ठाऊक नाही आजी" म्हण.

पाकिस्तानच्या तुरुंगाचं तिच्या डोक्यात कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. १९७१ चे ५४ बेपत्ता जवान आणि अधिकारी तिकडच्या कैदेत असावेत अशी एक यादी आहे. ती संसदेत मांडली गेली होती, आणि २००७ मध्ये त्यांचे काही नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून शोधून रिकाम्या हातांनी परत आले. त्यात भर म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना पकडून नेलेले मच्छीमार वर्षा-दोन वर्षांनी घरी परत येताना दिसतात. मग आजीला तसं वाटलं तर त्यात वेडेपणा कसला? पण ती यादी बहुतेक भूदलातल्या आणि हवाई दलातल्या माणसांची आहे, जमिनीवर किंवा जमिनीवरून उडताना हरवलेल्यांची. खुकरीच्या बाबतीत कैद करणारं कोणी तिथे थांबलंच नव्हतं. हल्ला करून हंगोर खोल पाण्यातून निसटली, आणि पुढे काही दिवस आपलं नौदल तिच्या मागावर होतं. जीव वाचवून पळणारी पाणबुडी वर येऊन पाण्यातली माणसं गोळा करत बसत नाही. हे आजीला कळेल. दर्यावरच्या गोष्टी तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतात.

सियाचिनचं उत्तर याहून अवघड आहे. तिने पाहिलं ते खरंच घडलंय. कुमाऊँ रेजिमेंटचे लान्सनायक चंद्रशेखर हरबोला १९८४ मध्ये हिमस्खलनात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये देह सापडला, धातूच्या बिल्ल्यावरच्या लष्करी क्रमांकावरून ओळख पटली आणि हल्द्वानीला अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या पत्नीने अडतीस वर्षं वाट पाहिली होती. हे बघून आजीची झोप उडाली नसती तरच नवल. तिला इतकंच सांग की बर्फ माणूस सांभाळून ठेवतो, समुद्र नाही. खुकरी अजून अरबी समुद्राच्या तळाशीच आहे. वाक्य कठोर वाटेल. पण ते पडवीत तिच्याशेजारी बसून, हातात हात घेऊन सांगता येतं. फोनवरून सांगू नकोस, आणि भाऊबंद जमलेत तेव्हा तर नकोच.

कौलाला मात्र हात लावू नकोस. देवाने उजवा दिला म्हणजे दिला. पन्नास वर्षांपूर्वी गुरवाने गाऱ्हाणं नेमकं काय घातलं होतं ते आज कोणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. आणि समजा आठवत असलं, तरी त्यावरून आजीशी वाद घालून तुझ्या पदरात काय पडणार? त्या कौलावर तिने आठ महिन्यांचं पोर वाढवलं.

आता तू ज्याच्याबद्दल चार शब्दही लिहिले नाहीस त्या माणसाकडे येते. तुझे बाबा. तुझ्या पत्रात ते "तयार आहेत", बस. ज्याने बापाला डोळ्यांनी पाहिल्याची आठवण नाही, दर पितृपक्षात आजूबाजूच्या घरांतून वडे-खिरीचा वास येतो आणि आपल्या घरात पान वाढायचं नाही, असा पंचावन्न वर्षांचा मुलगा तो. नागबळीला ते भटजींच्या भीतीने तयार झालेत, की बापाला एकदा पाणी द्यायची संधी दिसली म्हणून, हे त्यांना एकांतात विचार. मला दुसरं वाटतं. आईपुढे हे मागायची त्यांची आजवर हिंमत झाली नसणार. मुलाच्या लग्नाचं निमित्त मिळालं, त्याच्या आडून मागताहेत.

त्यांचा तो हक्क आहे. श्राद्ध मुलगा करतो. त्याला आईचं कुंकू उतरावं लागतं असं कुठेही नाही. देह मिळाला नसेल तर काय करायचं हे धर्मशास्त्राने फार पूर्वीच ठरवून ठेवलंय. त्याला पालाशविधी म्हणतात. पळसाचे ३६० देठ घेऊन दर्भाने बांधून माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, तिला मंत्राग्नी द्यायचा आणि मग पुढचे दिवस घालायचे. परागंदा माणसाची साधारण बारा वर्षं वाट पाहावी असं म्हणतात, तुमच्याकडे त्याची चौपट होऊन गेली. आणि काकांना ऐकवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. असा विधी झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला तर काय, हेसुद्धा त्या ग्रंथांत लिहून ठेवलंय. त्याला तुपाच्या कुंभातून काढायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे दिवस घातले तरी दार बंद होत नाही, हे शास्त्रानेच मान्य केलंय. आजीला हे सांगशील तेव्हा ती हसेल असं मला वाटतं. या वयात पुन्हा बोहल्यावर चढायचं म्हणून.

एवढा मोठा विधी नको असेल तर साधा मार्गही आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. बाबांनी त्या दिवशी घरी पान वाढावं, समुद्रावर जाऊन तर्पण करावं. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला तीन दिवस घालवायचे आणि वर "दोष काढला" असं ऐकून परत यायचं, यात आजोबांचा मान राहत नाही. आजीला परवानगी मागू नका, फक्त सांगा: "आई, मी माझ्या बापाला पाणी देतोय. तू तुझं काही बदलायचं नाहीस." हे वाक्य बाबांनीच बोलायला हवं, तू नाही.

कुंकवाबद्दल आत्या काही बोलली तर तिला हेरवाडचं नाव सांग. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे आजोबा हयात आहेत असं मानलं तरी आजीचं कुंकू राहतं, नाहीत असं मानलं तरी राहतं. मग वाद उरला कशाचा? तुझ्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे, ती आंब्याच्या डाळीची. बाई कुंकू लावते म्हणून घरचे नाराज, आणि कुंकू लावलेल्या त्याच बाईला आपल्या घरच्या हळदीकुंकवात पुढे बसता येत नाही. हे गाव करत नाही, तुमचं घर करतंय. येत्या चैत्रात तिला आधी पुढे बसव. पहिलं हळदीकुंकू तू लाव. बायका काय म्हणतील? एक-दोन वर्षं म्हणतील.

थोडी कागदपत्रांची कामं आहेत, ती तू अंगावर घे, कारण ती या घरात दुसरं कोणी करणार नाही. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या कॅब्ज या कार्यालयात असतात. आजोबांचा नौसैनिक क्रमांक ट्रंकेतल्या कागदांवर सापडेल. तो घालून, आजीच्या सहीने, सेवापुस्तकातल्या माहितीसाठी आणि फोटोसाठी विनंतीपत्र पाठव. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेलेलं पत्र लवकर हलतं. तिथेच निवृत्तिवेतनाचा आदेशही तपासून घे. युद्धात वीरमरण आलेल्यांच्या पत्नीला साध्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा जास्त दराने, उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आजीला ते लागू झालंय की साधंच चालू आहे, हे कोणीतरी एकदा बघायला हवं. दिल्लीतल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावं कोरली आहेत. आजोबांचं नाव तिथे कसं लिहिलंय ते बघ. मराठी आडनावांची इंग्रजीत काय दशा होते ते तुला माहीत आहेच. चूक असेल तर दुरुस्तीसाठीही लिही.

आणि जमलं तर तिला दीवला ने. पावसाळा सोडून केव्हाही. मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे मोटार, या वयातही झेपेल. तिथे समुद्राकाठी टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. शिवाय त्याच नावाची दुसरी खुकरी, १९८९ पासून नौदलात असलेली, निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवला दिली, लोकांना पाहण्यासाठी. ते आजोबांचं जहाज नव्हे, हे आजीला आधीच सांगून ठेव, नाहीतर घोटाळा होईल. पण लढाऊ जहाज आतून कसं असतं, किती चिंचोळ्या शिड्या असतात, हे तिला पाहता येईल. ज्या घरात नवरा वर्षाचे दहा महिने राहायचा ते घर तिने कधी पाहिलेलंच नाही.

जायचंच नाही म्हणाली तर आग्रह नको. देहाविना मान राखता येतो हे बघायला दीवपर्यंत जायलाही नको. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात, रायगडच्या माणगावला, नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते पडले. एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची कबर कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. मुंबईला जाताना माणगाव वाटेतच लागतं. चहाला उतराल तेव्हा आजीला दाखव.

हे सगळं झाल्यावरही ती एखाद्या संध्याकाळी म्हणेल, "यांना पण आणतील." म्हणू दे. त्यावर आता कोणी काही समजावू नये. काकांनी तर मुळीच नाही. भावाच्या लग्नपत्रिकेत मात्र आजोबांच्या नावामागे काय छापायचं हे आजीलाच विचारून ठरवा. "कै." नको म्हणाली तर आडनावासकट नुसतं नाव छापा आणि खाली "भारतीय नौदल, आयएनएस खुकरी" एवढं लिहा.